वाटीवरचा चमचा

पंकजाला गावात कुणी वाईट म्हणत नाही, हीच तिची खरी अडचण. महिलादिनाला ग्रामपंचायतीनं तिला शाल-नारळ दिला. सरपंच माईकवर म्हणाले, "बहीण असावी तर अशी!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही कधी म्हटलं नाही, पोरी, घटकाभर मी बसतो पप्पूजवळ, तू जाऊन ये. गुणाची पोर, गुणाची पोर करत लोकांनी दावं वळलं आणि तिच्या गळ्यात घातलं.

पप्पू तिचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटली, पण मान सावरत नाही, बोलता येत नाही, घास गिळताना ठसका लागतो. आईबाप ऊसतोडीला गेले की त्याला सांभाळायला हीच. रात्री चुलती येऊन झोपायची, तेवढाच आधार. पाचवीत असतानाच पंकजानं आपली युक्ती काढली. भाकरी वरणात कुस्करायची, घास डाव्या गालात ठेवायचा, चमचा वाटीवर टक् टक् वाजवायचा, आणि दोन बोटं गळ्यावरून हळूच खाली उतरवायची. पप्पू गिळायचा.

यंदा आईची, झुंबरबाईची, कंबर धरली. बाप एकटाच टोळीबरोबर गेला. आई घरी म्हटल्यावर पंकजाला उमेद आली. बारावीनंतर परभणीला नर्सिंगला नंबर लागला होता, राहायची सोय होती. ठरल्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. तिनं आईचा हात धरधरून युक्ती शिकवली. आईच्या हातून चमचाच पडायचा, घास गालाऐवजी जिभेवर जायचा, पप्पू ठसकायचा.

"मला न्हाई जमत गं बाई. त्याला तुझाच हात लागतो."

"ऊस तोडाया जमतंय, आन एक घास जमंना व्हय?" पंकजा कडाडली.

तरी ठरल्या दिवशी सकाळी ती निघाली. देवगाव फाट्यावर परभणीच्या गाडीची वाट बघत होती, तेवढ्यात आईचा फोन. "पंके, ह्यानं सकाळपून ताटाला तोंड लावलं न्हाई. डोळे पांढरे करायलाय. ये मागं."

गाडी समोर येऊन उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "बसतीस का ताई, का फाट्यावरच घर बांधायलीस?"

ती गावाकडं जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसली.

दाराशी पोचली तर आतून आवाज. टक् टक्. जरा थांबून पुन्हा टक् टक्. आई पप्पूला भरवत होती. घास नेमका डाव्या गालात. बोटं गळ्यावरून उतरत होती, जशी काय वर्षानुवर्षांची सवय. पप्पू मिटक्या मारत होता.

"कधीपून येतंय गं तुला?"

आई दचकली. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण निघालं खरंच. "पयल्या दिवशीच आलं."

"मंग ही नाटकं कशापायी?"

"तू गेलीस की तिकडचीच होशील. आज मी हाय. उद्या मी नसले तर ह्याच्या तोंडात घास कोण घालंल? सरपंच?"

भिंतीला लाथ मारावी असा राग आला पंकजाला. आईला कपटी म्हणणं सोपं आहे. म्हणणाऱ्यानं आधी पप्पूला एक ताट भरवून दाखवावं.

एवढ्यात पप्पूनं बहिणीला पाहिलं. खिदळला, हात झाडले. आईनं घास पुढं केला तर ओठ गच्च. पुन्हा केला, तर तोंड फिरवलं. नजर पंकजावर.

"बघ," आई म्हणाली. ह्या वेळी नाटक नव्हतं. "भरव बाई तूच. उपाशी हाय."

पंकजाचा हात वाटीकडं गेलाच होता. तो तिनं मधेच ओढला, पिशवी उचलली आणि उंबऱ्याबाहेर, त्याला दिसणार नाही अशी भिंतीआड उभी राहिली. पप्पू रडला. लय रडला. मग दमला. मग आतून आलं, टक् टक्.

म्हणजे भावाचं पोट भरायचं तर बहिणीनं नजरेआड व्हायचं. आणि नजरेआड झाली की गावानं म्हणायचं, टाकून गेली!

पारापाशी फाट्याकडं परतणाऱ्या जीपनं हॉर्न दिला. आत्ता निघाली तर कॉलेजचं हापिस बंद व्हायच्या आत पोचणार होती.

"पंके, हाईस का गं भाईर?" आतून आई.

'ओ' दिली असती तर पप्पूनं तोंड मिटलं असतं. ओढणीचं टोक दातात धरून ती चालायला लागली. जीपमध्ये बसते न बसते तोच मुठीतला फोन थरथरला, आईचा. तिनं तो उचलला नाही. बंदही केला नाही.