वाघदेवाचा पहिला नारळ

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मला चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा लपवता येत नाही.

आमचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. एकेकाळी नुसतं सागाचं जंगल. मी इथल्याच शाळेत जन्मभर मास्तर होतो, त्यामुळे शाळेची स्मरणिका निघाली तेव्हा गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. आनंद झाला. खोटं कशाला बोलू — फार आनंद झाला.

इतिहास तोंडपाठ होता. आजोबांनी शंभरदा सांगितलेला. ते पारोळ्याकडून बैलगाडी घेऊन आले तेव्हा इथे पावरा आदिवासींच्या सात-आठ झोपड्या होत्या. पहिलं वर्ष आजोबा त्यातल्याच एका घरी, आमच्या गावच्या वेरसिंगच्या आजाकडे राहिले, त्याच्याच चुलीवरची भाकर खाल्ली. आमच्या घराची सागाची तुळईही त्यानेच तासून दिली. म्हणून तर वाघबारसेला शिवेवरच्या वाघदेवापुढे पहिला नारळ वेरसिंगच्या घराने फोडायचा, मग बाकी गावाने. जो आधी वसला त्याचा मान. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आणि मी काय लिहिलं? लिहिलं, की इथे पूर्वी निर्मनुष्य अरण्य होतं, आमच्या पूर्वजांनी ते तोडून गाव वसवलं. तेवढ्यावर तरी थांबायचं — पण नाही. पुढे आणखी एक ओळ. 'पावरा कुटुंबे अलीकडे मजुरीसाठी येथे आली.' अलीकडे. पोरांच्या निबंधातला चुकलेला काना मी कधी सोडला नाही, आणि हे मीच लिहिलं.

का? लाज वाटली, दुसरं काय. आमचा आजा त्यांच्या चुलीवर जेवला हे छापून यायला नको होतं. वेरसिंग आमच्याकडे आला की ओट्याच्या खाली बसतो. त्याचा चहाचा कप वेगळा. तो कप बाजारातून मीच आणलेला.

पुढे वेरसिंगने जंगलकडेच्या वावरासाठी वनहक्काचा दावा टाकला. तिथे त्याचा आजा कसत होता, बापही. चौकशीच्या आदल्या दिवशी तो घरी आला. म्हणाला, "नाना, तुम्हले बठ्ठं माहीत शे. तेवढं सांगी द्या." बठ्ठं, म्हणजे ते वावर किती पिढ्या त्यांच्याकडे आहे ते सगळं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत चौकशीला आलेल्या साहेबांच्या हातात स्मरणिका होती. कुणी दिली कोण जाणे. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "गुरुजी, हे तुम्हीच लिहिलंय ना? बरोबर आहे?" वेरसिंगला वाचता येत नाही. तो माझ्याकडे पाहत होता. एक वाक्य पुरलं असतं — साहेब, हे चूक आहे. पण सगळं गाव समोर बसलेलं. मी म्हणालो, "हो."

बाहेर पडताना वेरसिंगने मला हात जोडले. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूने बोललो.

दावा फेटाळला गेला. त्या वावरात आता वनखात्याने सागाची रोपं लावली आहेत. वेरसिंग मला सांगायला आला आणि वर मलाच समजावत बसला — तुम्ही बोललात, तुमचा काय दोष. मी त्याला चहा दिला. त्याच कपात.

आता तो या वयात गुजरातला ऊसतोडीला जातो. गेल्या वाघबारसेला तो नव्हता, त्याच्या घरचं कुणीच नव्हतं. वाघदेवापुढे थोडी कुजबुज झाली. मग सरपंचाने नारळ माझ्या हातात दिला. म्हणाला, "नाना, तुम्हीच फोडा. तसंही गावात तुमचंच घर पहिलं."

मी मान डोलावली, आणि फोडला.