हिरवा की पिवळा

माझ्या मुलीला दमा आहे हे आम्हाला कळायला बराच वेळ लागला, आणि तिला स्वतःला कळायला त्याहून जास्त. अजून तरी पुरतं कळलंय की नाही, हे मी खात्रीने सांगणार नाही.

शहापूरच्या डॉक्टरांनी तिला एक प्लॅस्टिकची नळी दिली होती. जोरात फुंकली की तिच्यावरचा काटा पुढे सरकतो. बाजूला तीन रंगांच्या पट्ट्या. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे औषधाचा पंप तोंडाने ओढायचा, लाल म्हणजे पंप घेऊन तडक दवाखाना. इथपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "फुंकण्याआधी तिला विचारायचं, कोणता रंग येईल? आधी तिचा अंदाज, मग फुंकर. तिचं तिला कळायला हवं. मैदानावर ही नळी घेऊन कोण फिरणार आहे?"

मी मान डोलावली. दवाखान्यात मी सगळ्यालाच मान डोलावते आणि रस्त्यावर आल्यावर विचार करते, हे म्हणाले तरी काय?

घरी सगळा सावळागोंधळ. लंगडी घालून हसत यायची, "हिरवा" म्हणायची, आणि काटा पिवळ्यात अडकायचा. उलट एकदा परीक्षेच्या सकाळी "आई, मला श्वासच घेता येत नाय" म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं, आणि काटा थेट हिरव्यात. मग खरं कोणाचं मानायचं, पोरीचं की नळीचं? मी तिच्या पाठीला कान लावून बसायचे. कधी बारीक शिट्टी ऐकू यायची, कधी नाही. डॉक्टर म्हणाले, शिट्टी नाही म्हणजे सगळं ठीकच असं समजू नका. झालं! म्हणजे माझ्या कानांचंही खरं नाही. आमचे हे कसाऱ्याला हायवेच्या कामावर असतात. त्यांचं मत पडलं की नळीच खराब आहे. त्यांनी स्वतः फुंकून पाहिली, काटा टोकाला गेला, आणि दिवसभर स्वारी स्वतःच्या छातीवर खूश.

मग हळूहळू अंदाज जुळायला लागले. थंडी सरेपर्यंत पोरगी बहुतेक वेळा बरोबर रंग सांगू लागली. मी शेजारणीला बोलावून कौतुकाने दाखवायचे. ती रंग सांगायची, फुंकायची, काटा बरोबर तिथेच. त्यामुळे मे महिन्यात तिने टोकावड्याजवळ माझ्या माहेरी राहायचा हट्ट धरला, तेव्हा मी पहिल्यांदाच तिला माझ्याशिवाय धाडलं. माझी लग्नसराईची शिवणकामं पडली होती. शिवाय तिला आता कळतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

आमच्याकडे त्या दिवसांत राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. ते भडकत नाही, धुमसत राहतं. धूर वाडीवर बसून असतो. सगळे खोकतात, डोळे पुसतात आणि आपापल्या कामाला लागतात. राबाच्या खोकल्याला कोणी आजार म्हणत नाही. तिला राबाकडे फिरकू देऊ नकोस, असं मी भावाला बजावलं होतं. पण धुराला कोण बजावणार?

थोड्याच दिवसांत भावजयीचा फोन आला. "ताई, पोरगी हिरवा बोलते आन् काटा जातो पिवळ्यात. कालपासून हेच चाललंय. मी पंप दिलाय, पन हिला कायच कळत नाय!"

हातातलं पोलकं तसंच मशीनवर टाकून मी निघाले आणि मुरबाडला एसटी बदलून दुपारी पोचले. पोरगी ओटीवर सागरगोटे खेळत होती. मधे मधे खोकत होती, पण मजेत.

"कोणता रंग?" मी विचारलं.

तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "पिवळा."

फुंकली. पिवळाच. भावजय चकित. "आगो, सकाळी तर हिरवा हिरवा करत व्हतीस! आता कसा कळला?"

"आईकडे बघितलं की कळतं," पोरगी सहज म्हणाली. "मी तिला बरी वाटले नाय की तिचे ओठ असे होतात." तिने ओठ आत ओढून दाखवले. "मग पिवळा. नाय झाले तर हिरवा."

"आणि इथे?" मी विचारलं.

"इथे मामीकडे बघत होते. मामी खोकते, मामा खोकतो, कोणी काय बोलत नाय. मग हिरवाच ना?"

हसावं की रडावं मला कळेना. इतके महिने ही स्वतःच्या छातीचा नव्हे, माझ्या तोंडाचा अभ्यास करत होती, आणि त्यात पहिली आली होती. मी भर ओटीवर रडले. भावजयीला वाटलं, पोरीचं काही जास्त झालंय.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी तिला धुरातून बाहेर काढा. भावजयीचं माहेर रस्त्यापलीकडच्या वाडीत, तिथले राब भाजून झाले होते. संध्याकाळच्या आत आम्ही तिकडे गेलो.

सकाळी अंगणात मी तिच्याकडे पाठ करून बसले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, मायलेकींचं भांडण झालंय.

"रंग राहू दे," मी म्हटलं. "कसं वाटतंय ते सांग. दम लागलाय?"

"नाय."

"मग?"

मला वळून बघायचं होतं, मान दुखेपर्यंत बघायचं होतं.

"हनुवटीच्या खाली खाजतंय," ती म्हणाली. "आणि जांभया येतात. झोप नाय आली तरी."

"असं नेहमी होतं?"

"पिवळा यायचा असला की होतं."

"मग सांगितलं का नाहीस गं कधी?"

"तू दम विचारतेस. खाज कुठे विचारतेस?"

त्या खाजेला मी कितीदा खोबरेल तेल लावलं होतं. तिने फुंकलं. काटा पिवळ्यात होता, पण हिरव्याच्या अगदी काठाशी. मला आणखीच कोडं पडलं. ही खूण म्हणायची, की डास चावलाय? डॉक्टर म्हणाले, काही मुलांना होतं तसं, पण लगेच धरून चालू नका, बघत राहा. अहो, पण बघायचं की नाही बघायचं?

पुढचे दिवस आम्ही असंच पाठमोरं बोलत काढले. कधी खाज सांगायची आणि काटा उतरलेला असायचा, कधी नुसतीच खाज निघायची. तरी पूर्वीपेक्षा बरं, असं मला वाटायचं, आणि लगेच वाटायचं, मागच्या वेळीही असंच वाटलं होतं. काटा मात्र हिरव्यात टिकू लागला. डॉक्टर म्हणाले, आता तिथेच राहिली तरी चालेल.

शहापुरात गिऱ्हाइकं खोळंबली होती. मला वाटत होतं, तिने आपणहून म्हणावं, मीपण येते. एसटीच्या थांब्यावर मी शेवटचं विचारलं, "चलतेस?"

"तू जा," ती म्हणाली. "तू असलीस की मी तुझ्याकडेच बघते."

मला ते लागलं. खूप लागलं. एसटी आली, मी चढले, खिडकीतून पाहिलं तर ती पंपाची पिशवी खांद्याला लावून, माझ्याकडे पाठ करून मामीसोबत निघाली होती. आत्ता कोणता रंग असेल, मला काही केल्या सांगता येईना. तिला येत असेल, असं म्हणत मी तिकीट काढलं.