नाईक कांबळे यांचं राहून गेलेलं रेकॉर्डिंग

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि लोह्याला घरी आलो. गेली दोन वर्षं नांदेड-लातूरकडच्या जुन्या सैनिकांच्या आठवणी चित्रित करतो आणि शाळांमध्ये दाखवतो. साहित्य म्हणजे मोबाइल, स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक. नियम एकच होता, ब्लेझर आणि पदकं अंगावर असल्याशिवाय कॅमेरा सुरू होणार नाही. पोरांना सैनिक गबाळा दिसता कामा नये. या टापटिपीला फौजेत टर्नआउट म्हणतात. बायको म्हणायची, "तुमची परेड काही संपत न्हाई." मला ते कौतुकच वाटायचं.

निलंग्याचे नाईक धोंडीराम कांबळे एकाहत्तरच्या लढाईत होते. त्यांनी स्वतःहून फोन केला. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, त्यांच्या जोडीला अर्धापूरचा शिपाई रशीद शेख होता. रशीद तिथेच गेला, कांबळे परत आले. रशीदच्या घरी फक्त तार पोचली. त्याची बहीण हमीदाबी अजून अर्धापुरात आहे. भाऊ कसा गेला, शेवटी काय बोलला, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"दोनदा तिच्या दारातून माघारी आलो, साब," कांबळे म्हणाले. "तोंडावर सांगणं होईना. कॅमेऱ्याला सांगतो, तुम्ही तिला दाखवा."

मंगळवारी सकाळी दहाला एसटीनं निलंग्याला पोचलो. कांबळे ओट्यावर तयार बसले होते. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. पदकं विचारली तर ती पुण्याला, मुलाच्या घरी फ्रेममध्ये. मुलगा रविवारी आणणार होता.

"मग रविवारी घेऊ."

"साब, आज हिंमत झाली हाय. असंच घ्या की."

"टर्नआउट म्हणजे टर्नआउट, कांबळे."

"बरं, नुसतं ऐकून तरी घ्या. सकाळी सातला आम्ही..."

मी हात वर करून त्यांना थांबवलं. "आत्ता नको. पहिल्यांदा सांगताना जे येतं ते दुसऱ्यांदा येत नाही. सगळं कॅमेऱ्यासमोरच बोला."

माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस. दुसरा कुणी असता तर त्यानं मला चार शब्द सुनावले असते. पण ते हुद्द्यानं नाईक आणि मी त्यांच्या वरचा सुभेदार. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "जी साब." साडेअकराच्या गाडीनं मी परतलो. शिस्त पाळली याचं मला समाधान होतं.

शुक्रवारी पहाटे कांबळ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लिहून देण्याचीही सोय राहिली नाही.

रविवारी गेलो. मुलानं त्यांना ब्लेझर घालून खुर्चीत बसवलं होतं. तीन पदकं एका रेषेत, टर्नआउट चोख. कांबळ्यांनी डाव्या हातानं मोबाइलकडे बोट दाखवलं. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. अकरा मिनिटं ते बोलत होते आणि एक शब्द कळत नव्हता. मध्ये दोनदा थांबले, रुमालानं तोंड पुसलं, पुन्हा सुरू झाले. बंद करायची माझी हिंमत झाली नाही.

महिन्याभरात ते गेले. मग मी अर्धापूरला गेलो. हमीदाबींना मंगळवारचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी अकरा मिनिटं पापणी न हलवता पाहिलं.

"कोटावर हे काय हाय?"

"पदकं."

"ह्याच्यासाठी थांबवलं त्यांना?"

"हो."

मग म्हणाल्या, "भाईजान, मला पदकं कुठं बघायची होती?" आणि मोबाइल परत करत म्हणाल्या, "पुन्हा लावा."

आता मी बनियनवर बसलेल्या माणसाचंही रेकॉर्डिंग घेतो. कांबळ्यांना त्याचा काही उपयोग नाही. शाळेत मात्र त्यांची अकरा मिनिटं पूर्ण दाखवतो. पोरं विचारतात, आजोबा काय म्हणत आहेत? मी उभा राहून सांगतो. शिपाई रशीद शेख, अर्धापूर, वय बावीस, लढाईत कामी आला. तो कसा गेला ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाला मी गप्प बसवलं.