उंबऱ्यावरचं कुसकुस

वसीलाने कुणाचा तरी प्रबंध चोरला आणि विद्यापीठाने तिला हाकलून दिलं, ही बातमी केर्केना बेटावर आणली हम्मादीने. हम्मादी फेरीबोटीवर चहा विकायचा. स्फाक्स शहरातली कुठलीही गोष्ट बेटावर यायची ती त्याच्या किटलीतून, आणि येताना जरा गोड होऊनच यायची. "पानंच्या पानं उतरवली म्हणे," कपात पुदिना कोंबत तो सांगायचा, "स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही बाईने!" ऐकणारे चुकचुकायचे. चाळिशीला टेकलेल्या बाईने दप्तर घेऊन समुद्र ओलांडावा हेच मुळात कुणाला पटलं नव्हतं. त्याचा शेवट असा झाल्यावर, खोटं कशाला बोला, बऱ्याच जणांना बरं वाटलं.

वसीला बेटावरच्याच रमला गावातल्या शाळेत कारकून होती. लग्न राहून गेलं. का, यावर बेटावर निदान तीन मतं होती आणि तिन्ही हम्मादीची. म्हाताऱ्या बापाचं सगळं तिनेच केलं. तो गेला, आणि त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर तिने स्फाक्सला एम.ए.ला नाव घातलं. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा, तिन्ही मिळून एक पदवी, आणि शिकलेलं लोकांच्या उपयोगात आणायचं.

"तीन विषय कशाला गं?" हम्मादीने विचारलं होतं.

"माणसाचं दुःख एका विषयात मावत नाही, चाचा."

"म्हणजे रडायचं कसं ते तीन मास्तर शिकवणार! आमच्या बायका फुकट रडतात."

बोट हसली. वसीलाही हसली. पण तिने प्रबंधाचा विषय सांगितला तेव्हा कुणी हसलं नाही. जी पोरं अंधारात इटलीकडे निघाली आणि ज्यांचा फोन पुन्हा लागला नाही, त्यांची घरं कशी जगतात, हा तिचा विषय. अशी घरं आमच्या बेटावर प्रत्येक गल्लीत आहेत. तिथे शोक करता येत नाही, आणि सणही करता येत नाही.

तिने सुरुवात केली शेजारच्याच घरापासून. शेदलिया खाला, म्हणजे मावशी, विधवा, आणि तिचा एकुलता एक नजमुद्दीन मागच्या शरद ऋतूत त्याच वाटेने गेलेला.

"लिहून घे," शेदलिया म्हणाली. "जाताना त्याच्या जाकिटाचा आतला खिसा मीच शिवून बंद केला. जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने. त्याच्या बापाची अंगठी होती आत. पडायला नको ना."

"खाला, तुला माहीत होतं तो जाणार ते?"

"आईला माहीत नसतं असं काही असतं का? सांगितलं, जाऊ नकोस. ऐकलं नाही. मग निदान खिसा तरी शिवावा." मग तिने वसीलाला भाजलेला ऑक्टोपस वाढला आणि म्हणाली, "खा. तुझ्या तिन्ही मास्तरांनी मिळून तुला वाळवलंय."

अभ्यासक्रमाचा अर्धा भाग प्रत्यक्ष कामाचा होता. वसीलाला शहरातल्या एका इस्पितळात पाठवलं. समुद्राने परत दिलेल्या देहांची ओळख पटवणाऱ्या लोकांच्या हाताखाली. तिथला नियम एकच होता. प्रयोगशाळेतून रक्ताचा मेळ बसल्याचं कळेपर्यंत कुणाच्याही घरच्यांना एक शब्द सांगायचा नाही. वसीलाने तसा शब्द दिला, आणि मनापासून दिला. चुकीच्या आईला चुकीचं प्रेत दिल्याच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या.

हिवाळा संपता संपता तिच्यासमोर एक जाकीट आलं. आतला खिसा निळ्या दोऱ्याने शिवलेला. त्यात अंगठी.

मादाम सोंदेस ही तिची मार्गदर्शक. बाई कडक, पण वाईट नव्हे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या बेटावर सगळेच तो दोरा वापरतात, वसीला. अंगठ्याही सारख्याच असतात. त्या आईच्या रक्ताचा नमुना गेलेला आहे. उत्तर येऊ दे."

"कधी येईल?"

"येईल तेव्हा. तोवर तू विद्यार्थिनी आहेस, शेजारीण नाहीस."

वसीला त्या संध्याकाळच्या बोटीने परतली. शेजारीण नाही तर कोण, हे तिला बोटीवर काही ठरवता आलं नाही. हम्मादीने चहा पुढे केला तो तिने घेतला आणि विसरली. चहा तसाच गार झाला. हम्मादीने त्याचीही बातमी केली: बाईला प्रेमात धोका झालाय.

पुढच्या मुलाखतीला शेदलिया नवी ओढणी घेऊन बसलेली. चेहरा उजळलेला.

"ऐक, पण कुठे बोलू नकोस. नजमू सापडला! सिसिलीच्या तुरुंगात आहे. एक माणूस आलाय, त्याने डोळ्यांनी बघितलं. सोडवून आणतो म्हणतो. पैसे मागतोय, मागू दे. मी आमचा समुद्र विकतेय."

आमच्याकडे शेतासारखा समुद्र असतो. उथळ पाण्यातला तुकडा, बापाकडून पोराकडे आलेला. त्यात खजुराच्या झावळ्यांच्या भिंती रोवायच्या, भरतीबरोबर मासा आपोआप आत येतो. शेदलियाचं घर त्याच्यावरच चालायचं. समुद्र विकलेला माणूस आमच्याकडे उघडा पडतो.

"खाला, थोडं थांब," वसीला म्हणाली.

"का? तुझ्या कॉलेजात काही कळलंय का?"

वसीलाने मान खाली घातली. "नाही."

"मग? सौदा शुक्रवारी, नमाज झाल्यावर."

वसीलाने मादामला फोन केला. उत्तर आलेलं नव्हतं. तिने पुन्हा केला. मादाम म्हणाली, "मला कळतंय. तरी नाही. आज तू सांगितलंस तर उद्या इथे कुठल्याही विद्यार्थ्याला उभं करणार नाहीत. आणि तुझी पदवी मी वाचवू शकणार नाही."

शुक्रवारी सकाळी वसीलाने कुसकुस, म्हणजे आमचा वाफवलेला जाड रवा, शिजवलं. नुसते चणे घातलेलं. मासा नाही, लाल तिखट नाही. आमच्याकडे मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारीण झाकलेलं भांडं नेते, सलाम न करता, काही न बोलता उंबऱ्यावर ठेवते आणि उभी राहते. वसीलाने भांडं शालीखाली नेलं. उंबऱ्यावर ठेवलं. उभी राहिली.

शेदलिया बाहेर आली. बाजाराला निघाल्यासारखी तयार. तिने झाकण उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"घर चुकलीस, पोरी."

वसीलाने भांडं उचललं नाही.

"माझी चूल पेटलेली आहे, वसीला. आत कालवण आहे. वास येत नाही का तुला?"

वसीलाने भांड्यावरचं झाकण नीट बसवलं.

"बोल ना गं! तीन-तीन मास्तरांकडे शिकतेस, एक शब्द येत नाही?"

शब्द दिला होता, म्हणून वसीला बोलली नाही. पण जागची हललीही नाही. शेदलियाने एकदा भांड्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग वळून आत गेली. आतून गॅसची कळ बंद केल्याचा आवाज आला.

समुद्र विकला गेला नाही. इटलीवाला माणूस दुपारच्या बोटीने पसार झाला. दुसऱ्या दिवशी शेदलिया इस्पितळाच्या दारात जाऊन बसली. जाकिटाचा रंग, खिसा, दोरा, अंगठी, सगळं सांगून म्हणाली, माझा मुलगा द्या. तिथल्यांनी कुणाला विचारायची गरजच नव्हती. तरी मादाम सोंदेसने विचारलं. वसीला म्हणाली, "मी एक शब्द बोलले नाही." आणि मग, बाईच्या चेहऱ्याकडे बघून, "पण कळवलं मीच."

प्रयोगशाळेचं उत्तर उन्हाळ्यात आलं. नजमुद्दीनला बेटावर आणून बापाशेजारी पुरलं. सगळे धरून चालले की इस्पितळानेच आईला बोलावून घेतलं असणार. मयताला वसीला बायकांत सगळ्यात मागे उभी होती. शेदलियाने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि पुढेही कधी पाहिलं नाही. ते कुसकुसचं भांडं एक दिवस धुतलेलं, रिकामं, वसीलाच्या दारात ठेवलेलं मिळालं. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, मूठभर खजूर तरी टाकतात.

वसीला आता शाळेत कारकूनच आहे. हम्मादी अजून चहा विकतो आणि अजून स्वल्पविरामाची गोष्ट सांगतो. ती समोर असली तर आवाज जरा खाली करतो, इतकंच.

प्रबंध तिने चोरला नव्हता. प्रबंध तिने दिलाच नाही. उत्तर यायच्या आधी एका घरी भांडं नेलं, म्हणून विद्यापीठाने तिचं नाव काढून टाकलं.