सातव्या वळणाची बाहेरची कड

रेसच्या ट्रॅकवर सातवं वळण झाडणाऱ्या मामांना एकच जमात मनापासून नावडायची: घाई करणारी.

"आला बघा शहाणा," कुंपणाला टेकून ते म्हणत. "आत्तापासूनच आत घुसतोय!"

आणि खरंच, लवकर वळलेली गाडी शेवटी बाहेरच्या गवताकडे ओढली जायची. चालक घाबरून पाय उचलायचा आणि पुढच्या लांबलचक सरळ रस्त्यावर गाडी रांगायची. मामा तोंड फिरवायचे. एकवीस वर्षं फिरवत होते, मानेलाच सवय झाली होती.

आज मात्र गाडीत त्यांची भाची होती. संघात एकच जागा रिकामी. सव्वा मिनिटाच्या आत फेरी मारली तर जागा तिची, नाहीतर पुन्हा गॅरेजात दुसऱ्यांचे टायर बदलायचे. सकाळी एक संधी, जेवणानंतर दुसरी.

संघाच्या इंजिनिअरनं तिला कॉम्प्युटरवर निळी रेघ काढून दिली होती. मामांनी ती लांबूनच पाहिली, चहात माशी पडलेली पाहावी तशी.

"चित्रकला बरी आहे याची," ते म्हणाले. "वळण कधी पायांनी चालून बघितलंय का, विचार. तू माझं ऐक. बाहेरच्या कडेला अगदी चिकटून ये. गाडी सरळ असतानाच ब्रेक मार. सगळे वळतात तिथं वळू नकोस, एक श्वास थांब. मग एकदाच वळव, आतली कड उशिरा गाठ आणि दाब पाय! आत शिरताना थोडं हरशील, पण बाहेर पडताना सगळं वसूल करशील."

"आणि घसरले तर?"

"घसरतात ती बिनडोक माणसं."

ती घसरली. कडेला चिकटून आली, श्वासभर थांबली, स्टिअरिंग वळवलं आणि पुढची चाकं साबणावरून जावीत तशी सरकली. गाडी थेट गवतात. सकाळची संधी संपली.

हेल्मेट काखेत मारून भाची चालत आली. बुटाच्या तळाला चिकटलेले काळे दाणे तिनं खरवडले आणि मामांच्या तळहातावर ठेवले. झिजलेल्या टायरांचा चुरा.

"रेघ बरोबर होती, मामा. पण कडेला हा गालिचा अंथरलाय. झाडतं कोण इथं?"

मामांनी तो चुरा बोटांनी चोळून पाहिला. त्या हातभर कडेला त्यांनी कित्येक वर्षांत झाडू लावला नव्हता. 'तिथवर यायची अक्कल एकात नाही, झाडू कुणासाठी?' असं तेच तर ऐटीत सांगायचे.

जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक रिकामा झाला. मामा आधी खराट्यानं भिडले, मग ब्रशनं, शेवटी गुडघे टेकून ओल्या फडक्यानं.

"काका, तिथून कोणी जात नाही हो!" इंजिनिअर डबा खाता खाता ओरडला.

"तुम्ही जेवा," मामा मान वर न करता म्हणाले. "तेवढं तरी जमतंय तुम्हाला."

दुपारी भाची त्याच कडेनं आली. थांबली. वळली. इंजिनाचा आवाज कुठंही अडखळला नाही, नुसता चढत गेला. एक मिनिट चौदा सेकंद.

संध्याकाळी इंजिनिअर संघाच्या मालकाला नवी रेघ दाखवत होता. "कॉम्प्युटरनं शोधली, साहेब."

"सांगू का त्यांना?" भाचीनं कानात विचारलं.

"कशाला? उद्यापासून सगळे बाहेरून येतील आणि तिथंही घाईच करतील, गाढव लेकाचे."

मामांनी तोंड फिरवलं आणि खराटा उचलून ते बाहेरच्या कडेकडे निघाले.