चुकलेली चौकट

अकोल्याच्या रतनलाल प्लॉटमध्ये राहणाऱ्या शकुन तायडे यांचे हस्ताक्षर शहरातल्या बऱ्याच कचेऱ्यांत ओळखले जाई. नळाला गढूळ पाणी आले, विजेचे देयक अंदाजाने धाडले गेले, रस्त्यावरचा खड्डा मुरमाने बुजवून कागदोपत्री डांबर दाखवले गेले, की दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज टेबलावर हजर. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी ही बाई पन्नाशी ओलांडली तरी ‘चालायचेच’ म्हणायला शिकली नव्हती. जिथे सगळे ‘चालायचेच’ म्हणून चालते, तिथे अशा माणसाला तक्रारखोर म्हणतात. शकुनताईंना ते ठाऊक होते आणि त्याचा त्यांना विषाद नव्हता.

एका गोष्टीविषयी मात्र त्यांनी दहा-अकरा वर्षांत एका ओळीची तक्रार केली नव्हती. अमरावतीहून निघणाऱ्या ‘पूर्णातीर’ या दैनिकाच्या रविवार पुरवणीत, शेवटच्या पानाच्या तळाशी, एक कूटकोडे येई. साधे शब्दकोडे सरळ अर्थ विचारते. कूटकोड्याचे सूत्र वर एक सांगते आणि पोटात दुसरेच ठेवते. ‘नदी उलटली आणि गरीब उरला’ हे सूत्र वाचून एखादा पुराच्या बातम्या आठवत बसेल. जाणकार मात्र नदीची दोन अक्षरे उलटी वाचतो. ‘दीन’ हाती येतो, आणि दीन म्हणजे गरीबच. ही झाली बालवाडी. पुढे पुढे एकेका सूत्रावर आठवडा जाई. रचणारा ‘कूटस्थ’ हे टोपणनाव लावी. तो कोण, कुठला, हे वाचकांपैकी कुणालाही माहीत नव्हते. वऱ्हाडी माणसाचा शब्दांशी संबंध शिवी देण्यापुरताच असतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ते कोडे एकदा हातात घेऊन पाहायला हवे होते. पण तशी समजूत असणारे लोक वऱ्हाडातले वृत्तपत्र कशाला उघडतील?

दर रविवारी दुपारी शकुनताईंच्या ओसरीवर तिघे जमत. बाळापूरला चष्म्याचे दुकान चालवणारे जहीरभाई एसटीने येत. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले उत्तमराव दोन गल्ल्या ओलांडून येत आणि चहा कोरा की दुधाचा यावर वाद घालूनच बसत. चहा आधी संपवावा लागे, कारण कपांना पुढे काम असे. ज्याला सूत्र उमगले त्याने आपला कप बशीत पालथा घालायचा. उत्तर उच्चारायचे नाही. तिन्ही कप पालथे झाले की मग उत्तरापर्यंतची वाट सांगायची. जो वाट सांगू शकला नाही, त्याचे उत्तर बरोबर असले तरी खोडले जाई.

याहून कडक नियम शकुनताईंनी स्वतः घातला होता. पुढच्या रविवारी छापून येणारे उत्तर कुणी पाहायचे नाही. त्या ते कात्रीने कापून, न वाचता, टोपलीत टाकत. आणि वृत्तपत्राला कधी काही विचारायचे नाही. शाबासकी मागायची नाही, मदत तर नाहीच नाही. कूटस्थ आणि आपण यांच्यामध्ये तिसऱ्याचे काय काम, असे त्यांचे म्हणणे होते.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी कोडे उघडले तेव्हा सूत्रे आणि चौकट यांचा मेळच बसेना. पहिल्या आडव्या सूत्रापुढे पाच अक्षरे लिहिलेली आणि चौकटीत घरे तीन. जहीरभाईंनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांशी धरला आणि सांगितले, “ताई, हे तर मागच्याच रविवारची चौकट आहे. छापखान्याची गलती आहे.”

शकुनताईंना ते पटले नाही. दहा वर्षांत ज्याच्या एका वेलांटीत चूक सापडली नाही, त्याच्या नावाखाली एवढी ढोबळ चूक होईल हे त्यांच्या बुद्धीला मानवेना. त्यांनी निष्कर्ष काढला की कूटस्थाने मुद्दाम जुनी चौकट दिली आहे. खरी चौकट सोडवणाऱ्याने स्वतः बांधावी, अशी त्याची इच्छा आहे.

“म्हनजे घर बी आपनच बांधाचं अन् त्याच्यात राहाचं बी आपनच,” उत्तमराव म्हणाले. “भाडं कोन देईल?”

पण बांधायला सुरुवात त्यांनीच केली. सूत्रांचे क्रमांक होते, अक्षरांची संख्या होती, आणि कागद अर्धा फिरवला तरी काळी घरे तिथेच दिसतात, हा कूटस्थाचा शिरस्ता तिघांनाही पाठ होता. शकुनताईंनी महाविद्यालयातून आलेखाचा कागद आणला. आधी उत्तरे, मग त्यांच्या जागा, मग काळी घरे. भिंग घासता घासता जहीरभाई बाळापूरहून फोन करून एखादे काळे घर डावीकडे सरकवायला सांगत. संध्याकाळी उत्तमराव ते पुन्हा उजवीकडे नेत. मंगळवारी सगळे मोडून परत मांडावे लागले. शनिवारी शेवटचे घर भरले आणि कागद फिरवून पाहिला, तर काळ्यावर काळे चोख बसलेले. एरवी कोराच चहा देणाऱ्या शकुनताईंनी आतून साखर घातलेला दुधाचा चहा आणला. उत्तमरावांना तेवढ्यावरून प्रसंगाचे मोल कळले.

दुसऱ्या दिवशी पुरवणीत कोड्याच्या जागी चार ओळींचे निवेदन होते. मागील रविवारी नजरचुकीने जुनीच चौकट छापली गेली. एकाही वाचकाने ती चूक दाखवून दिली नाही. यावरून या सदरात वाचकांना रुची उरली नसल्याचे दिसते. सबब पुढील आठवड्यापासून ही जागा साप्ताहिक भविष्याच्या विस्ताराला देण्यात येत आहे.

शकुनताईंनी निवेदन दोनदा वाचले. आपण ज्याला आव्हान समजलो ती खरोखरच छापखान्याची चूक होती, याचे दुःख होतेच. पण दुसरे दुःख मोठे होते. आपल्या मौनाला त्या स्वाभिमान समजत आल्या होत्या, आणि त्याच मौनाचा दाखला देऊन कोडे पुरले जात होते.

“दहा वर्सं आपन आवाज नाई केला,” उत्तमराव म्हणाले, “तं त्यायले वाटलं घरात कोनीच नाई.”

जहीरभाईंनी ‘मी म्हटले होते’ असे म्हटले नाही. सोबत येऊ का, एवढेच विचारले.

सोमवारी शकुनताईंनी किरकोळ रजा टाकली आणि दोघांना घेऊन रेल्वेने बडनेरा गाठले. तिथून ऑटोने अमरावती. पुरवणीचे संपादक गजेंद्र नावाचे तिशीतले गृहस्थ होते. त्यांनी आदराने बसवले, पाणी मागवले, आणि जागेची अडचण, जाहिरातींचा दाब, वाचकांची बदलती आवड हे सारे पाठ केल्यासारखे सांगितले. शकुनताईंनी आलेखाचा कागद त्यांच्यापुढे उलगडला. गजेंद्र यांना आधी ते काय आहे तेच कळेना. मग त्यांनी कपाटातून मूळ चौकट काढली, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट फिरवत एकेक घर ताडून पाहिले. एकही घर इकडचे तिकडे नव्हते. खरे उत्तर कुठे छापूनच आले नव्हते. नक्कल करायला जागाच नव्हती.

त्यांनी फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला थोडक्यात सारे सांगून, सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज वाढवून फोन टेबलावर ठेवला. पलीकडचा आवाज वयस्क, घोगरा होता. त्याने कौतुक केले नाही. विचारले, “सतरा उभे. वाट सांगा.”

सूत्र होते, ‘क’च्या शेजारी उभे असलेले पीक. शकुनताई म्हणाल्या, “शेजारी म्हणजे ‘पाशी’. ते ‘क’ला जोडायचं.”

कपाशी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पलीकडून आवाज आला, “उत्तर सांगितलं नाही तुम्ही.”

“आमच्यात सांगत नाहीत.”

“बरोबर आहे,” आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला. जहीरभाईंच्या ओठांवर त्या माणसाचे नाव विचारायचे आले होते. शकुनताईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी ते गिळले.

गजेंद्र भारावले होते खरे, पण नोकरीही करत होते. तिघांसाठी पानाचा एवढा भाग कसा राखावा, असे त्यांनी संकोचून विचारले. तेव्हा शकुनताईंनी आपल्या आवडत्या विषयाला हात घातला. “जानेवारीत तुमच्या भविष्यात कन्या राशीचा मजकूर दोनदा छापला गेला आणि मीन रास गळली. किती पत्रं आली?”

गजेंद्र यांनी आठवून पाहिले. एकही आले नव्हते.

“मग पत्र नाही म्हणजे वाचक नाही, हा तुमचा हिशेब भविष्यालाही लावा.”

“मीन रास माही आहे,” उत्तमराव म्हणाले. “मले त्या हप्त्यात काईच झालं नाई.”

गजेंद्र हसले, आणि हसणारा माणूस निम्मा हरलेला असतो. तीन महिने सदर चालू ठेवू, त्यांनी कबूल केले. मात्र वाचकांची पत्रे आली पाहिजेत, निदान तक्रारीची तरी. परतीच्या गाडीत जहीरभाई म्हणाले, “अकोल्यातल्या बाईकडं तक्रार मागतो! बिचाऱ्याले मालूमच नाई.”

पुढच्या रविवारी कोडे परतले. सूत्रे होती आणि चौकट नव्हतीच. वर एक ओळ होती, ‘चौकट वाचकांनी आपापली आणावी.’ शकुनताईंनी त्या रात्री आपला नियम मोडून पत्र लिहिले. बारावे सूत्र फारच सोपे असल्याची त्यात तक्रार होती. दर सोमवारी ते पत्र जाऊ लागले, शिवाय बाळापूरचे वेगळे आणि उत्तमरावांचे वेगळे.

महिनाभराने पुरवणीत एक पत्र छापून आले. परतवाड्याच्या कुणी चंदा नावाच्या बाईंनी कळवले होते की फेब्रुवारीतली चौकट त्यांनी आणि त्यांच्या नणंदेनेही बांधली होती. वृत्तपत्राला कळवण्याची त्यांच्यात पद्धत नाही, म्हणून गप्प राहिल्या. शेवटी लिहिले होते, ‘आमची शुक्रवारी पूर्ण झाली.’

ओसरीवर ते पत्र मोठ्याने वाचले गेले. उत्तमराव गालात हसत शकुनताईंकडे पाहत राहिले. बाईंना एक दिवसाचा उशीर चांगलाच झोंबला होता; पण त्याच वेळी मेळघाटाच्या वेशीपर्यंत आपल्यासारखी ताठ मानेची माणसे आहेत, या जाणिवेने त्यांची मान आणखी वर झाली होती. त्यांनी चहा संपवला, त्या रविवारचे पहिले सूत्र एकदाच वाचले आणि कप पालथा घातला.