नसीमची बाजू

बॅडमिंटनच्या कोर्टाच्या डाव्या अर्ध्यात अक्कांनी पाय ठेवलेला मी कधी पाहिला नाही. नेटची दोरी सैल झाली की त्या उजवीकडून जात. डावीकडच्या खांबाशी काम निघालं, तर ओल्या सारवणाला वळसा घालावा तसा रेषेबाहेरून सगळ्या कोर्टाला वळसा घालत. आम्ही नवी पोरं घाईत तिथून आडवी गेलो की त्यांचा आवाज चढे. एरवी कचेरीतली नीटनेटकी मराठी बोलणाऱ्या अक्का रागावल्या की थेट धुळ्याच्या अहिराणीवर येत. "तठून जाऊ नका! तठे खेळ चालू शे!" आम्ही दचकून तिकडे बघायचो. तिकडे कुणीच नसायचं.

आमचा हॉल म्हणजे जळगावातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. भिंतींच्या कोपऱ्यांत तेव्हाही सरकीचा वास होता. वाऱ्याने शटलकॉक हलू नये म्हणून खिडक्या बंद, आणि पंखेही बंद. जळगावच्या वैशाखात पंखा बंद करून पळणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर बॅडमिंटनवाला, असं माझे वडील म्हणत. शटलकॉकला अक्का 'फूल' म्हणायच्या. रोज सकाळी सराव सुरू होण्याआधी त्या कोर्टाच्या मधल्या रेषेवर उभ्या राहून एक फूल सरळ वर उडवत. ते नेहमी डावीकडे पडे. लांब नाही, वीतभरच. मग अक्का हळूच म्हणत, "आली," आणि आम्हाला पळायला लावत.

वडिलांना वाटलं, भिंतीला कुठेतरी फट असणार. एक दिवस ते उदबत्ती घेऊन आले आणि सगळा हॉल फिरले. धूर दोरीसारखा सरळ वर गेला. मग अक्कांनी फूल उडवलं, ते डावीकडे पडलं. वडिलांनी उदबत्ती विझवली, मला म्हणाले, "खेळ चांगला शिकवतात ना? मग झालं."

अक्का आणि त्यांची दुहेरीतली जोडीदार नसीम, दोघी धुळ्याच्या. अक्कांचे वडील कापसाच्या प्रेसमध्ये हमाल, नसीमच्या घरी लूम. एक बौद्धवाड्यातली, एक मोहल्ल्यातली. दोघींची गाठ शाळेच्या मैदानावर पडली आणि मग काही सुटली नाही. नसीम डावखुरी. त्यामुळे ती डावीकडे, अक्का उजवीकडे, दोघींच्या रॅकेटी बाहेरच्या अंगाला. दुहेरीत राज्याचं अजिंक्यपद त्यांनी लागोपाठ दोनदा मिळवलं. पुढे देशपातळीची स्पर्धा होती. निघायच्या आदल्या आठवड्यात नसीमला कावीळ झाली आणि ती त्यातच गेली.

बॅडमिंटन संघटनेने अक्कांना दुसरी जोडीदार दिली. पहिला गेम सुरू असतानाच अक्कांनी रॅकेट खाली ठेवली, पंचांना नमस्कार केला आणि त्या कोर्टाबाहेर आल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या कुठल्याच स्पर्धेत उतरल्या नाहीत. लोक म्हणाले, पोरगी हरायला घाबरली. मी मोठी झाल्यावर एकदा धीर करून विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "ती नवी पोरगी चांगली होती गं. पण सारखी नसीमला धक्के मारत होती."

मी हसले नाही. हसू आलंच नाही.

खेळाडू म्हणून अक्कांना सरकारी नोकरी मिळाली, जळगावला बदली झाली, आणि अक्का आमच्या वाट्याला आल्या. त्यांची शिकवण सगळ्या जगाच्या उलट. दुहेरीत जोडीदार मागेपुढे फिरतात, हे आता टीव्हीवर कुणीही बघतं. अक्का मात्र सांगत, आपापली बाजू सांभाळा. कुणी सगळं कोर्ट आपलंच समजून धावत दुसऱ्याच्या अर्ध्यात शिरलं की ओरडत, "बठ्ठं कोर्ट तुनं शे का?" आणि मग शांतपणे म्हणत, "जोडीदाराची जागा रिकामी दिसली तरी ती रिकामी नसते. विश्वास ठेवायला शिक." आमच्या पोरी पुढे जिल्ह्यात, विभागात जिंकत गेल्या त्या या वेड्या पद्धतीनेच.

सरावानंतर कधी रंगात आल्या की त्या एकट्या उजव्या अर्ध्यात उभ्या राहत, आणि समोर दोघांना बोलावत. डावा अर्धा मोकळा. "मारा कुठेही," म्हणत. भडगावचा भूषण तेव्हा इंजिनीअरिंगला होता, अंगाने दणकट. तो म्हणाला, "अक्का, मी सगळे डावीकडेच मारतो, मग रडू नका." पहिलं फूल नेटमध्ये गेलं. दुसरं रेषेबाहेर. मग त्याने अगदी हलकंच ढकललं, तेही बाहेर. त्याने फूल बदललं, रॅकेट बदलली, शेवटी बाजूसुद्धा बदलून पाहिली. मी रेषेवर बसले होते. रिकाम्या अर्ध्यात फूल आत पडलंय असं एकदाही सांगता आलं नाही मला. भूषण घामाने निथळत माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "रेषा सरकते का गं ती?" दुसऱ्या दिवसापासून त्याने आपली वेळ बदलून घेतली.

मी आज शाळेत विज्ञान शिकवते. याची कारणं मला देता येतात. समोर भलीमोठी मोकळी जागा दिसली की मनावर ताण येतो, हात आखडतो, माणूस चुकतो. हे मी पोरांना फळ्यावर काढूनही दाखवीन. पण अक्का तेव्हा डावीकडे बघून "भारी!" म्हणायच्या, ते कशात बसवू?

ईदला अक्का न चुकता धुळ्याला जात. एकदा मलाही एसटीत बसवून घेऊन गेल्या. नसीमची अम्मी बाजेवर बसली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली आणि अक्कांकडे तोंड करून विचारलं, "खेली क्या आज?"

"हाँ अम्मी, खेली."

"जीती?"

"जीती."

म्हातारी समाधानाने मान हलवत राहिली. मुलीचं पोट भरलं का असं एखादीने विचारावं, तसं ते विचारणं होतं. बाहेर लूमचा खडखडाट चालू होता आणि माझ्या अंगावर त्या उन्हात काटा आला होता. अक्कांनी मला कोपराने ढोसलं, "खा ना. गार होतंय."

पुढे माझं लग्न झालं, शाळा लागली, पस्तिशी ओलांडली. तरी सकाळी मी अक्कांच्या हाताखाली पोरांना शिकवायला जात होते. एक दिवस अक्का धुळ्याहून आल्या त्या थेट माझ्याकडे. अम्मी आता फार दिवसांची नव्हती, आणि तिने एकच हट्ट धरला होता. तिने मुलीचा एकही सामना पाहिला नव्हता. तेव्हा बाईमाणसाने तिथे जाऊन बसणं तिला बरं वाटलं नव्हतं. आता तिला एकदा दोघींना खेळताना 'बघायचं' होतं. धुळ्यातच प्रौढ खेळाडूंची स्पर्धा होती. नियमाला दुसरं माणूस लागणार होतं.

"तू उभी राहशील?" अक्कांनी विचारलं. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "फक्त उभी राहा. तिची जागा घेऊ नको. कुणी घेतली म्हणून ती निघून गेली, तर अम्मीला मी काय सांगू? आणि मला तरी कोण आहे दुसरं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. हो बाहेर पडलं.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये अम्मीला तिच्या नातसुनेने रिक्षातून आणून पहिल्या खुर्चीत बसवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा अक्कांच्या डावीकडे उभी राहिले. गार वाटेल अशी माझी तयारी होती. तसं नव्हतं. एसटीच्या रांगेत मागचं माणूस अगदी खेटून उभं असतं ना, तशी ऊब होती पाठीला. समोरच्या बायका हुशार होत्या. कच्चा गडी कोण हे त्यांनी लगेच ओळखलं आणि सगळं माझ्याकडे मारायला लागल्या. मी फार थोडे फटके मारले. त्यांची बाकीची फुलं नेटमध्ये गेली, नाहीतर रेषेबाहेर. एक मात्र मला आठवतं: फूल माझ्या डाव्या खांद्यावरून गेलं, मी हललेही नाही, आणि मागून टाळी वाजावी तसा फटक्याचा आवाज आला. फूल पलीकडे पडलेलं होतं. पंचांनी गुण दिला.

आम्ही जिंकलो. मी अम्मीच्या पाया पडले, तर तिने चाचपडत माझा डावा हात धरला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. "थक गई होगी. बहोत दिन बाद खेली." मी उजव्या हाताने खेळते. डाव्या तळव्यावर, रॅकेटची मूठ घासते तिथे, ताजा फोड आला होता. त्या दिवशी अम्मीने अक्कांना काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी जळगावला अक्का मधल्या रेषेवर उभ्या राहिल्या, पण फूल उडवायला त्यांचा हात उठेना. शेवटी उडवलं. ते डावीकडे पडलं, वीतभर. अक्का तिथेच खाली बसल्या आणि ओढणीत तोंड खुपसून लहान पोरीसारख्या रडल्या. "आली," म्हणाल्या, "गेली नाही माय."

अम्मी त्याच पावसाळ्यात गेली. यंदाच्या उन्हाळ्यात अक्काही गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता. नदीवर बुद्धवंदना झाली, आम्ही सगळ्या परतलो. सकाळी हॉल उघडायचा धीर होत नव्हता, पण पोरी दारात येऊन उभ्या होत्या. खिडक्या बंद केल्या, पंखे बंद केले. मधल्या रेषेवर उभी राहून मी फूल उडवलं.

ते सरळ खाली आलं. माझ्या पायापाशी.

मला एकदम पोरकं वाटलं. गेल्या दोघी, असंच मनात आलं. पोरींना सर्व्हिसचा सराव दिला. समोर कुणी नाही, टोपलीतली फुलं घ्या आणि पलीकडे मारत राहा. टोपली रिकामी झाल्यावर फुलं गोळा करायला मी नेटपाशी गेले आणि थबकले. सगळी फुलं रेषांच्या बाहेर पडली होती. डावीकडे, उजवीकडे, मागे. आत एकही नव्हतं. अख्खं कोर्ट पुसून काढल्यासारखं स्वच्छ. डावा अर्धा, आणि आता उजवाही.

घाबरायला हवं होतं मी. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं. माझ्या शेजारून एक नवी पोरगी फुलं उचलायला कोर्टातून आडवी धावत निघाली, आणि माझ्या तोंडून, जळगावात जन्मलेल्या आणि अहिराणीचं एक वाक्य धड न येणाऱ्या माझ्या तोंडून, मोठ्याने निघालं, "तठून जाऊ नको! तठे खेळ चालू शे!"